देवाचं हाड

हाडांची पेटी मी घरी आणली तेव्हा आईने ती उंबरठ्याच्या आत येऊ दिली नाही. पत्र्याची जुनी ट्रंक होती. माझ्या वरच्या वर्गातल्या एका मुलीने परीक्षा आटोपल्यावर मला दिलेली. ट्रंकेत एका माणसाची निम्मी हाडं होती. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांकडेच अशी पेटी असायची. एका बाजूचा हात, एका बाजूचा पाय, पाठीचे मणके, कवटी. शरीर दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे निम्म्यावर भागतं. आई पदर तोंडाला लावून दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, "कुणाची आहेत?" मला त्या प्रश्नाचा रागच आला. कुणाची म्हणजे काय, हाडं ती हाडं. मी तसं फाडकन म्हणूनही टाकलं. मी तेव्हाही चिडकी होते, आताही आहे.

शेवटी ट्रंक मागच्या अंगणातल्या लाकडाच्या खोलीत गेली आणि ट्रंकेबरोबर मीही गेले. खोली म्हणजे तीन भिंती, वर पत्रा आणि आत जळाऊ लाकूड, कोळशाची पोती, शेणी. एका खोक्यावर मी बसायची, दुसऱ्यावर हाडं मांडायची. अभ्यास झाला की न्हाणीघरात डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच घरात यायचं, असा आईचा नियम होता. थंडीत केस वाळायचे नाहीत. तोवर मी मागच्या पायरीवर बसून राहायची, आई स्वयंपाकघरातून ताट पुढे सरकवायची आणि आत जायची. मांजरालाही ती यापेक्षा जवळ घेत असे. मला तेव्हा विलक्षण एकटं वाटायचं. कॉलेजात आम्ही मुली मोजक्या, त्यातून मी मुलुंडची, मराठी शाळेतली. बाकीच्या इंग्रजीतून हसायच्या. घरी यावं तर घर ओलांडून मागच्या अंगणात जायचं. दिवसभरात ज्यांच्याबरोबर मी सर्वांत जास्त वेळ घालवायची ती ट्रंकेतली हाडंच होती.

मुलुंडला आम्ही राहायचो ते एका कौलारू बंगलीच्या मागच्या भागात. पुढच्या भागात घरमालकांचं मोठं गुजराती कुटुंब होतं, त्यांच्याकडे सदा पोळपाट वाजत असायचा. आमच्याकडे तीनच माणसं, मी, आई आणि काका. काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. एका कचेरीत कारकून होता, लग्न केलं नाही. आम्हा दोघींना सांभाळण्यात त्याचं लग्नाचं वय निघून गेलं. हे तो कधी बोलून दाखवायचा नाही, पण आई जाणून होती आणि त्याच्या पानात तुपाची धार सढळ पडायची. तिघांचंही एकमेकांवाचून अडत होतं आणि तिघंही आपापल्या कोपऱ्यात गप्प असायचो. संध्याकाळी पूर्वेकडून मिठागरांवरचा खारट वारा यायचा, काका ओटीवर वर्तमानपत्र धरून बसायचा, आई आत दिवा लावायची. बोलण्यासारखा विषय एकच होता आणि तो काढायचा नाही असं न ठरवता ठरलेलं होतं.

तो विषय म्हणजे माझे वडील. ते रंगूनला एका लाकडाच्या वखारीत हिशेबनीस होते. माझा जन्म तिथला. जपानी येणार असं झालं तेव्हा त्यांनी आईला आणि मला बोटीवर बसवून दिलं. वखारीचं आवरून मागून येतो म्हणाले. मागून रंगूनहून बोटी सुटल्याच नाहीत. लोक डोंगर-जंगलातून पायी निघाले, त्यांत तेही निघाले, एवढं कळलं. पुढचं कुणालाच नक्की माहीत नव्हतं. वखारीतला एक जण सांगायचा की नदीच्या उतारावर त्यांना ताप भरलेला त्याने पाहिला. दुसरा म्हणायचा, छे, ते दुसऱ्याच वाटेने गेले. तिसऱ्या कुणी कलकत्त्याला स्टेशनवर त्यांच्यासारखा माणूस पाहिला होता, दाढी वाढलेला. आईने तीनही हकिगती ऐकल्या आणि तिसरी धरून ठेवली.

मला ते फारसे आठवत नाहीत, हे सांगायला आजही जिवावर येतं. चेहरा आठवतो तो फोटोतलाच. खरी माझी अशी आठवण एकच आहे. मी त्यांच्या पाठुंगळी बसले आहे, त्यांनी दोन्ही हात मागे नेऊन माझ्याखाली बोटं गुंफली आहेत, आणि माझा सगळा भार त्यांच्या कमरेच्या मागच्या बाजूला टेकला आहे. तोंड दिसत नाही. मानेवरचा घाम तेवढा दिसतो.

आई कुंकू लावायची. माणूस गेल्याची बातमी नाही, मग कुंकू का पुसायचं? पण मुलुंडच्या बायकांची पंचाईत व्हायची. चैत्राच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं, पण येताना ते अडखळत यायचं. तिथे गेल्यावर सगळ्यांना कुंकू लावून होईपर्यंत यजमानीण हिच्याकडे पाठ करून असायची आणि मग शेवटी, करंड्यात बोट न बुडवता, नुसतं टेकवल्यासारखं करायची. ओटी भरायच्या वेळी कुणाला तरी नेमकं आतून काही आणायचं आठवायचं. धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. आई त्या बायकांवर कधी चिडली नाही. घरी आली की डाळीची वाटी घासून ठेवायची आणि म्हणायची, "त्यांना तरी काय कळणार."

माझं मेडिकलचं पहिलं वर्ष चालू असताना वडिलांना बारा वर्षं पुरी झाली, आणि काकाने तो विषय काढला. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर तो गेला असं शास्त्र मानतं. त्याचे विधी करावे लागतात, नाहीतर त्याला गती मिळत नाही. आता देह नसताना अग्नी कशाला द्यायचा? तर पळसाच्या पानांचा माणूस करायचा. काका भटजींकडून सगळं विचारून आला होता आणि ओटीवर आईला समजावून सांगत होता. दर्भावर पळसाच्या देठांनी माणूस मांडतात, एकूण तीनशे साठ देठ. डोक्याला इतके, मानेला इतके, हातापायांना इतके. डोक्याच्या जागी नारळ, डोळ्यांना कवड्या, दातांना डाळिंबाचे दाणे. मग त्याला रीतसर अग्नी द्यायचा. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. आपल्या जुन्या वैद्यांनी माणसाच्या शरीरात हाडं तीनशे साठच मोजली आहेत, हे मला आठवलं. आमच्या पुस्तकात दोनशे सहा होती. उरलेली कुठे गेली कोण जाणे.

आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आणि भाऊजी, हे परत आले तर?"

काकाने त्याचंही विचारून ठेवलं होतं. शास्त्रात सोय होती. मेला म्हणून विधी केलेला माणूस परत आला तर त्याला तुपाच्या रांजणात बसवायचं, बाहेर काढून न्हाऊ घालायचं, नव्याने जन्मला असं धरून पुन्हा बारसं, पुन्हा मुंज, आणि पुन्हा त्याच बायकोशी लग्न. आई हे ऐकून हसली. खूप वर्षांनी मी तिला असं हसताना पाहिलं. पंचेचाळिशीचा नवरदेव तुपाने निथळतोय, असं काहीतरी तिला दिसलं असावं. मग हसू ओसरलं आणि ती म्हणाली की मला हे करायचं नाही. काकाने कारण विचारलं. ती म्हणाली, "पानं जाळून वेचायचं काय? माणूस जळला तर हाडं उरतात. ती वेचतात, मडक्यात घालतात, पाण्यात सोडतात, मग कळतं की गेलं. पानांची राख वाऱ्याने उडून जाईल. मी कशावरून समजू हे गेले म्हणून?"

काका महिनाभर तिच्याशी नीट बोलला नाही. रागाने नव्हे. त्याची झोप उडाली होती. दादा कुठेतरी उपाशी-तापाशी हिंडतोय, आपण इथे दोन वेळा जेवतोय, हे त्याला खात होतं. आईच्या मनाविरुद्ध विधी करायचा तर कुणाच्या जोरावर करायचा? मुलगा नाही, मी मुलगी. करणारा तोच होता. पण वहिनीने हो म्हटल्याशिवाय तो पाऊल टाकणार नव्हता. मी दोघांच्या मधे कुठेच नव्हते. माझं मत कुणी विचारलं नाही. वडील माझे होते, पण त्यांच्या असण्या-नसण्याचा निर्णय त्या दोघांचा होता. मी आपली मागे लाकडाच्या खोलीत मणके ओळीने लावत बसायची.

त्याच सुमारास आमच्या शरीररचनेच्या सरांनी कमरेची हाडं शिकवायला घेतली. सर म्हातारे होते आणि त्यांना शब्दांचं वेड होतं. हाड हातात घेतलं की आधी त्याच्या नावाचा जन्म सांगायचे, मग हाडाचा. पाठीच्या कण्याच्या अगदी टोकाला जे छोटं हाड असतं, त्याला ग्रीक लोकांनी कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याचं नाव दिलं, कारण त्यांना ते त्याच्या चोचीसारखं दिसलं. आपण त्याला माकडहाड म्हणतो, आपल्याला तिथे शेपूट दिसली. मुलं हसली. मग सरांनी त्याच्या वरचं हाड उचललं. कण्याचा बुंधा असतो तिथलं, त्रिकोणी, तळव्याएवढं, आतून खोलगट, त्याला दोन्ही बाजूंनी भोकांच्या रांगा. इंग्रजीत सेक्रम. सर म्हणाले, हा लॅटिन शब्द झाला, पण लॅटिनवाल्यांनी काही केलेलं नाही, नुसतं भाषांतर केलं. मूळ ग्रीक आहे, हिएरॉन ऑस्टेऑन. पवित्र हाड. देवाचं हाड.

असल्या अवघड जागेच्या हाडात देवाचं काय, असं एका मुलाने विचारलं. सर खुलले. म्हणाले, हे ग्रीकांनी लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे प्रत्येकाने आपापली कथा केली आहे. एक अशी, की ग्रीक लोक जनावराचा बळी देत तेव्हा शेपटी आणि तिच्या मुळाशी असलेलं हे हाड वेदीवर देवासाठी जाळत. विस्तवात शेपटी वर वळली की देवाने घेतलं असं समजत. मांस स्वतः खात. हाडं देवाला आणि रस्सा आपल्याला, हा व्यवहार मला फार ओळखीचा वाटला. दुसरी कथा अशी, की त्या भाषेत जुन्या काळी त्या शब्दाचा अर्थ पवित्र असा नव्हताच, मोठं, दणकट असा होता. कण्यातलं सगळ्यांत मोठं हाड ते, म्हणून ते नाव. पुढच्यांना तो अर्थ ठाऊक नव्हता, त्यांनी त्याला देवाचं केलं. आणि तिसरी कथा अशी, की हे हाड नाश पावत नाही अशी लोकांची समजूत होती. बाकी सगळं शरीर मातीला मिळतं, जळतं, हे मात्र उरतं, आणि शेवटी याच्यापासूनच माणूस पुन्हा उभा राहतो. यांतली खरी कुठली, असं मी विचारलं. वर्गात मी तोंड उघडल्याचा तो पहिलाच प्रसंग असेल. सर म्हणाले, "नक्की कुणालाच माहीत नाही, पोरी. जी आवडेल ती धर."

त्या दिवशी मी घरी आले ती थेट मागे गेले. ट्रंकेतून ते हाड काढलं, मांडीवर घेतलं आणि पाहत बसले. नदीच्या उतारावरचा ताप, दुसरी वाट, कलकत्त्याचं स्टेशन. त्यांतली खरी कुठली ते कुणाला माहीत नव्हतं आणि आम्हीही जी आवडली ती धरली होती. मग माझ्या लक्षात आलं की पाठुंगळी बसलेल्या पोराचा भार माणसाच्या याच हाडावर येतो. मला एकदम रडू कोसळलं. शेणींवर डोकं टेकून मी रडले, आणि आई दाराशी येऊन उभी राहिली.

ती त्या खोलीत कधी येत नसे. काका तर त्या हाडांपायी परसात पाऊलही टाकत नसे. आई बाहेरच उभी राहिली आणि काय झालं म्हणून विचारलं. मला वडिलांचं काही बोलायचं नव्हतं, म्हणून मी तिला हाडाची गोष्ट सांगितली. ग्रीक म्हणून कुणी लोक होते, ते याला देवाचं हाड म्हणत. तीनही कथा सांगितल्या. शेपटीची ऐकून तिने तोंड वाकडं केलं. दणकट हाडाची तिने ऐकली न ऐकल्यासारखी केली. तिसरी तिने पुन्हा सांगायला लावली.

"म्हणजे हे जळत नाही?" तिने विचारलं.

मी म्हटलं, असं ते लोक मानायचे. सगळीच हाडं थोडीफार उरतात, हे मोठं आहे, जास्त उरत असेल. ती बराच वेळ हाडाकडे बघत राहिली. मग गेली. त्या दिवशी माझे केस वाळायच्या आत तिने मला घरात बोलावलं, हे मला आठवतं, कारण मला त्याचं फार बरं वाटलं होतं.

दोन-चार दिवसांनी तिने काकाला सांगितलं की विधी करा. काका इतका चकित झाला की त्याने कारणही विचारलं नाही. लगेच रजा टाकली. पळसाची तजवीज व्हायला वेळ लागला नाही. पलीकडच्या डोंगरातल्या बायका पत्रावळीसाठी पळसाच्या पानांचे भारे घेऊन मुलुंडच्या बाजारात बसायच्याच, त्यांना काकाने देठांसकट पानं आणायला सांगितलं. एरवी ज्या पानांवर आम्ही सत्यनारायणाचं जेवायचो त्यांचे माझे वडील होणार होते. ते भारे ओटीवर येऊन पडले, ओल्या पानांचा वास घरभर झाला आणि मला घरात थांबवेना. मी माझ्या खोलीत जाऊन बसले.

दुपारी आई आली. या वेळी ती आत आली, कोळशाच्या पोत्यावर बसली आणि म्हणाली, "ते देवाचं हाड मला दे."

मला कळेना. मग तिने समजावून सांगितलं. वडिलांचं एक रेशमी उपरणं तिने रंगूनहून आणलं होतं. त्यात ते हाड गुंडाळून ती भाऊजींकडे देणार होती, आत ह्यांच्या लाकडी खडावा आहेत, हे न सोडता पानांच्या कमरेखाली ठेवा म्हणून. भाऊजी तिचा शब्द मोडणार नाहीत. पानं जळतील, उपरणं जळेल, हे उरेल. वेचायला काहीतरी असेल.

मी ताडकन उठले. मी तिला काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. हे बाबांचं नाही, हे कुणाचं आहे ते मला माहीत नाही, परीक्षेला मला ते लागणार आहे, असलं जाळून फसवणूक करून काय मिळणार आहे, असं बरंच. ती ऐकत राहिली. मग म्हणाली की ज्याचं असेल त्यालाही कुणी अग्नी दिलेला नाही, नाहीतर ते तुझ्या पेटीत आलं नसतं. ह्यांना अग्नी मिळाला की नाही ठाऊक नाही, आणि ह्याला मिळाला नाही हे ठाऊक आहे. मिळेल दोघांना. तिच्या डोक्यात सगळं सरळ होतं. माझ्याजवळ शेवटचा एकच मुद्दा राहिला होता आणि तो मी सांगितला. हे हाड रुंद होतं, आखूड होतं, दोन्हीकडचे पंखे पसरट आणि मधला भाग बारीक. हे ओळखायला आम्हाला शिकवलं होतं.

"आई, हे बाईचं आहे," मी म्हटलं.

मला वाटलं, आता उठेल आणि जाईल. माझ्या हातातलं हाड तिने आपणहून घेतलं. ज्या हाडांपायी मी इतके महिने घराबाहेर जेवत होते त्यातलं एक तिने दोन्ही हातांत धरलं आणि त्यावरून अंगठा फिरवला, भाकरीची कड तपासतात तसा.

"मग बरंच झालं," ती म्हणाली. "हे जायचे तेव्हा गेले असतील. उद्या जायचीय ती मीच की."

ती हाड पदराखाली घेऊन घरात गेली. आंघोळ न करता गेली.

दुसऱ्या दिवशी काका आणि भटजी पानांचा भारा आणि ते रेशमी गाठोडं घेऊन खाडीवरच्या स्मशानात गेले. बायकांनी जायचं नसतं. आम्ही दोघी घरात बसलो. पुढच्या भागातली पोळपाटाची खडखड त्या दिवशी बंद होती, त्यांनाही कळलं होतं. अग्नी दिला असेल अशा सुमाराला आईने आरशासमोर बसून ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. तिला कुणाला हात लावू द्यायचा नव्हता. शेजारच्या दोघी-तिघी तेवढ्यासाठी आल्या होत्या, त्यांना तिने ओटीवरच बसवून ठेवलं. कुंकवाच्या जागी कातडी फिकट होती, गोल. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी तिच्याजवळ बसले होते, तिचा हात धरावा असं फार वाटत होतं, आणि तो मी धरला नाही. आमच्या घरात तशी पद्धतच नव्हती.

राख निवेपर्यंत थांबून काका त्याच्या पुढच्या सकाळी भटजींबरोबर पुन्हा खाडीवर गेला. परतला तेव्हा हातात मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून तो कुंपणाशीच उभा राहिला, शेवग्याच्या झाडाखाली. उन्हाने लाल झाला होता, धोतराला राख लागली होती. आम्ही दोघी बाहेर आलो, शेजारच्या बायकाही जमल्या. तो आईला नेहमी खाली बघून बोलायचा, त्या दिवशी त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं.

"वहिनी," तो म्हणाला, "दादा सापडला."

आणि तो रडायला लागला. हमसून, मडकं छातीशी धरून. रडता रडता सांगत होता की राख उपसताना हाताला लागलं, आधी वाटलं लाकूड, भटजी म्हणाले दुसऱ्या कुणाच्या चितेतलं असेल, टाकून द्या, पण मी आमच्याच राखेच्या मधोमध बघितलं ना, कमरेच्या जागी. पानांना कुठे हाड असतं? दादाच आला. आपण बोलावलं म्हणून आला. हिशेबात कधी एका पैची चूक न करणारा माझा काका हे बोलत होता, आणि त्यातल्या प्रत्येक अक्षरावर त्याचा विश्वास होता. भावाला गेलेला धरून जो विधी करायला निघाला होता, तोही वाटच बघत होता, हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. काही बोलू नकोस, असं ती डोळ्यांनी सांगत होती. सांगायची गरज नव्हती. मग ती पुढे झाली, दिराच्या हातातल्या मडक्यावर तिने आपले दोन्ही हात ठेवले आणि मोठ्याने रडली. बारा वर्षांत ती अशी रडली नव्हती. ते हाड कुणाचं आहे हे तिला चांगलं माहीत होतं, तरी ती नवऱ्यासाठी रडत होती. काका भावासाठी रडत होता. शेजारच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अंगणात मी एकटीच कोरडी उभी होते, आणि त्या बायकांनी पोरीचं काळीज दगडाचं आहे असं नंतर म्हटलं, तेही माझ्या कानावर आलं.

दगडाचं नव्हतं. मलाही रडायचं होतं, त्यांच्यात जाऊन त्या मडक्यावर हात ठेवायचा होता. पण त्या हाडाची मी कितीतरी चित्रं काढली होती. त्याची भोकं, त्याच्या कडा, डाव्या बाजूचा टवका, सगळं मला डोळे मिटून सांगता आलं असतं. काकाला भाऊ सापडला. आईला नवरा गेल्याचं कळलं, तिला रडायला जागा झाली. मडकं घेऊन काका दुपारी नाशिकला निघाला तेव्हा तिघांत माझेच वडील तेवढे सापडले नव्हते. हाड मी दिलेलं होतं, म्हणून मला ते उपयोगाचं नव्हतं.